वहिनींच्या चपला, अकरा तारीख आणि एआय एजंट

माझ्या वहिनी कोल्हापुरातून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतात, दोन मोठ्या साइट्सवर आणि थोड्याफार व्हॉट्सॲपवर, आणि त्यांचं जीएसटीचं काम मी पुण्यातून बघतो. दर महिन्याला नऊ-दहा तारखेला फोन ठरलेला, "भाऊजी, अकरा तारीख आली हो, बघताय ना?" आणि मग ती रात्र एक्सेलमध्ये.

काम अवघड नाही, चिकट आहे. चपलांमध्ये परत येणारा माल फार, सात नंबर मागवला, बसला नाही, परत. अकरा तारखेपर्यंत भरायच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, गिऱ्हाइकांची विक्री राज्यवार आणि दरवार एकत्र करून, परत आलेलं वजा करून दाखवायची. पार्सल महाराष्ट्रात गेलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा), बाहेर गेलं तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा). त्यात एका साइटच्या रिपोर्टमध्ये ओडिशा लिहिलेलं, दुसरीच्या ओरिसा, कुठे पुदुच्चेरी तर कुठे पाँडिचेरी, म्हणजे एकाच राज्याच्या दोन ओळी होतात आणि बेरीज काही केल्या जुळत नाही. मागे एकदा या जुळवाजुळवीत २० तारीख हुकली आणि थ्रीबी (टॅक्स भरायचा महिन्याचा रिटर्न, जीएसटीआर-३बी) चार दिवस उशिरा गेला, दिवसाला ५० प्रमाणे २०० रुपये लेट फी आणि वर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम मोठी नव्हती पण वहिनींना ते फार लागलं होतं.

दिवाळीनंतर मी हे सगळं एका एआय एजंटकडे, म्हणजे फाइल्स वाचून स्वतः काम करणाऱ्या एआयकडे, दिलं. एक फोल्डर, त्यात दोन्ही साइट्सचे टॅक्स रिपोर्ट, सेटलमेंटचे (साइटने कापून दिलेल्या पैशांचे) रिपोर्ट, व्हॉट्सॲपच्या बिलांची शीट, आणि एक साधी सूचनांची फाइल मराठीतच लिहिलेली. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आधीच काढून टाकले, राज्य आणि पिनकोड तेवढा ठेवला. त्याने स्वतःच पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली, राज्यांना कोड लावले, महाराष्ट्र २७, ओडिशा २१, पुदुच्चेरी ३४, आणि जीएसटीच्या पोर्टलवर चढवायची जेसॉन फाइल बनवून दिली. माझी रात्र गेली असती ते काम चहा संपेपर्यंत झालं. लॉगिन आणि ओटीपी मात्र मी त्याला दिला नाही आणि देणारही नाही, रिटर्नवर सही वहिनींची आहे.

आणि बरं झालं मी फाइल तशीच चढवली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या चपलांवर ५ टक्के जीएसटी झाला, आधी हजारापर्यंतच्या जोडाला १२ होता. एजंटला हे माहीत होतं, विक्रीला दर बरोबर लावले होते. पण ऑक्टोबरमध्ये परत आलेल्या मालात १४ जोड असे होते जे २२ सप्टेंबरच्या आधी विकलेले, म्हणजे बिल १२ टक्क्यांचं, आणि याने परत आल्याची तारीख बघून ५ टक्क्यांनी वजा केले. ८०० रुपयांच्या जोडावर भरलेला टॅक्स ९६ आणि वजा होत होता ४०, म्हणजे प्रत्येक जोडामागे ५६ रुपये, १४ जोडांचे ७८४ रुपये वहिनींच्या खिशातून फुकट गेले असते. क्रेडिट नोटला, म्हणजे परत आलेल्या मालाच्या वजावटीला, दर मूळ बिलाचाच लागतो. मला ते दिसलं कारण समरीमध्ये १२ टक्क्यांची एकही उणे ओळ नव्हती आणि परत आलेल्या जोडांचा ढीग तर मी दिवाळीत घरी स्वतः बघितला होता, प्रत्येक बॉक्सवर जुन्या बिलाची तारीख. सूचनांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, "परताव्याचा दर मूळ बिलाच्या तारखेने", आणि परत चालवलं, जुळलं.

पण खरं सांगायचं तर मला याचा सगळ्यात मोठा फायदा भलत्याच ठिकाणी झाला. साइटवाले आपल्या विक्रीतून टीसीएस, म्हणजे थोडा टॅक्स आधीच, कापतात, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, आधी १ टक्का होता. तो पैसा आपलाच असतो पण आपोआप हातात येत नाही, पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, मग कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्यात, जमा होतो. एजंटला मी सेटलमेंटचे रिपोर्ट आणि लेजर ताडून बघायला सांगितलं तर त्याने लिहून दिलं की सहा महिन्यांचा टीसीएस कापलेला दिसतोय, जमा दिसत नाही. ८,९४० रुपये. दर महिन्याला घाईत रिटर्न भरून मी मोकळा होत होतो, ते पान उघडतच नव्हतो. ऑनलाइन विकणारं कुणी घरात असेल तर कृपया आजच ते पान उघडून बघा.

वहिनींना फोन केला तर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अहो भाऊजी, हे तर अकरा जोडांचे पैसे झाले." ते आम्ही त्याच महिन्याच्या थ्रीबीला वापरले, २० तारखेच्या चार दिवस आधी. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला, त्यांनी वाचून दाखवला, आणि कुरिअरवाला दारात आला म्हणून फोन ठेवला.