ओला बर्फ, कोरडा बर्फ: मुंबईहून केलेले हिवाळी प्रवास

मुंबईकराला बर्फ म्हटला की लादी आठवते. ससून डॉकवर मासळीच्या पाट्यांवर पडणारा चुरा किंवा गोळेवाल्याच्या रंध्यावर खिसला जाणारा तुकडा, एवढीच आपली बर्फाशी ओळख. भाषाही इथे फारशी मदत करत नाही, कारण आकाशातून पडणारा, रस्त्यावर काचेसारखा गोठणारा आणि फ्रिजच्या कप्प्यात साचणारा, हे सगळे आपल्या लेखी 'बर्फ'च असतात आणि 'हिम' हा शब्द पुस्तकातून सहसा बाहेर येत नाही. काश्मीरमध्ये पडणाऱ्या बर्फाला 'शीन' असे स्वतंत्र नाव आहे, हे कळल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मग बरोबर आहे, आपल्याकडे नाही का पावसाला सर, भुरभुर, झड अशी वेगवेगळी नावं!"

सांताक्रूझ येथे आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान 7.4 अंश सेल्सिअस आहे आणि तेही 22 जानेवारी 1962 चे. अशा शहरातून निघताना आम्ही प्रत्येक वेळी मोबाइलवरचा उणे आकडा पाहून घाबरत होतो आणि त्या आकड्यापुरतीच तयारी करत होतो. मनाली, गुलमर्ग आणि लेह अशा तीन ठिकाणचे हिवाळे अनुभवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, बर्फ ओला आहे की कोरडा हे आधी विचारावे, मग वारा किती आहे ते पाहावे आणि आकड्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

पहिला प्रवास नाताळच्या सुट्टीतला. चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे रात्रभराची बस, असे आम्ही मनालीला पोहोचलो. मनाली सुमारे 2,050 मीटर उंचीवर आहे आणि सोलंग खोरे तिथून सुमारे 13 किलोमीटरवर. तापमान शून्याच्या आसपास रेंगाळत असल्यामुळे तिथे पडणारा बर्फ ओला असतो. त्याचे गोळे चटकन वळले जातात, लहान मुलांना तो फार आवडतो आणि कपड्यांना चिकटून अर्ध्या तासात तो सगळ्यांना भिजवून टाकतो. माझे यजमान जीन्सची पँट, सुती मोजे आणि वर जाडजूड स्वेटर अशा थाटात उतरले होते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते, त्यामुळे उणे दोन अंशांतही ते अक्षरशः कुडकुडत होते. त्या दिवशी सर्वांत उपयोगी पडली ती माझी पावसाळी पँट आणि जाकीट, जी मी राजमाचीच्या भ्रमंतीसाठी घेतली होती. मुंबईच्या पावसाळ्यासाठी घरात असलेला हा पोशाख हिमाचलच्या ओल्या बर्फात महागड्या कोटापेक्षा चांगला टिकतो, हे मी खात्रीने सांगते. आत एक थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे हे आवरण, एवढे पुरते.

दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावी गेलो. हा 9.02 किलोमीटर लांबीचा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला आणि त्यामुळे हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद असतानाही लाहौलमध्ये जाता येऊ लागले. बोगद्याच्या एका टोकाला झाडांवर ओथंबलेला ओला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ वृक्षहीन, कोरडे, झोंबऱ्या वाऱ्याचे खोरे, हा बदल काही मिनिटांत घडतो. पावसाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीपुढे गेल्यावर हवा पालटते, तसेच काहीसे, फक्त हा पालट कितीतरी तीव्र. मात्र इथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बर्फ पडू लागला की पोलीस साध्या गाड्या मध्येच थांबवतात आणि फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्यांनाच पुढे सोडतात. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या, म्हणून आभाळ भरून आले असेल तर दुपारनंतर पलीकडे राहण्याचा मोह टाळावा. दुसरे असे की, 2025 मध्ये सिस्सू परिसरातील गावकऱ्यांनी आपल्या देवकार्यासाठी 20 जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पर्यटन बंद ठेवले होते. त्या काळात जाण्याचा बेत असेल तर आधी चौकशी करावी आणि बंदी असेल तर ती मुकाट्याने पाळावी.

मनालीतच यजमान पहाटे चहा आणायला निघाले आणि उतारावर पडले. रस्ता ओला दिसत होता, पण तो ओला नव्हता, त्यावर पातळ पारदर्शक बर्फ धरला होता. सह्याद्रीत उत्तम पकड देणारे बूट अशा काचेवर निरुपयोगी ठरतात. मनगट मुरगळण्यावर निभावले. तेव्हापासून आम्ही बुटांवर चढवायच्या, खिळे लावलेल्या रबरी पट्ट्या जवळ बाळगतो, पावले लहान टाकतो, संपूर्ण तळवा टेकवतो आणि हात कधीही खिशात घालून चालत नाही.

गुलमर्गला आम्ही दोनदा गेलो, कारण पहिल्यांदा तिथे बर्फच नव्हता. जानेवारी 2024 चा दुसरा आठवडा होता. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासून सुरू होणारा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ, ऐन भरात होता आणि तरीही गुलमर्गचे उतार आपल्या मे महिन्यातल्या माळरानासारखे तपकिरी पडले होते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात त्या काळात जवळजवळ आलेच नव्हते आणि हिमालयातल्या हिवाळी बर्फाची सारी भिस्त त्यांच्यावरच असते. थंडी भरपूर आणि बर्फ नाही, असा तो अनुभव होता. मुंबईच्या ज्या सहल कंपनीने 'हमखास हिमवर्षाव' असे छापले होते, तिच्या प्रतिनिधीने हात वर केले. दोष निसर्गाचा नव्हता, त्या 'हमखास' शब्दाचा होता आणि त्यावर विसंबणाऱ्या आमचाही होता.

दुसऱ्यांदा कोणत्याही कंपनीशिवाय, मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात गेलो. फेब्रुवारीच्या अखेरीस जोरदार बर्फ पडून गेला होता. श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे, पण बर्फ असताना तनमर्गला उतरून चाकांना साखळ्या बांधलेल्या स्थानिक गाडीत बसावे लागते. तिथेच गमबूट आणि कोट भाड्याने देणाऱ्यांचा गराडा पडतो. गमबूट जरूर घ्यावेत, मात्र आत आपले लोकरी मोजे असावेत आणि जुना, वास येणारा कोट नको असल्यास स्पष्ट नकार द्यावा. स्लेजवाले, घोडेवाले, मार्गदर्शक यांच्याशी भाव आधी ठरवून घ्यावा. त्यांचा बर्फाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो, हे लक्षात ठेवून घासाघीस केली तर दोन्हीकडे मने शांत राहतात.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा सुमारे 2,650 मीटरवरून कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा थेट अफरवाट शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावीत, आयत्या वेळी दलालाच्या हाती सापडू नये. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून गुलमर्गला एक रात्र मुक्काम ठेवून सकाळची पहिली वेळ धरणे शहाणपणाचे. सासूबाई 68 वर्षांच्या, त्यामुळे त्या कोंगदूरीलाच थांबल्या आणि तिथल्या टपरीवर मॅगी खात त्यांनी बर्फाला 'खवलेलं खोबरं' अशी पदवी बहाल केली. उपमा अचूक होती. वर अफरवाटला तर तो बर्फ इतका कोरडा आणि हलका होता की मुठीत दाबूनही गोळा वळेना, पिठासारखा बोटांतून सांडून जाई. कपड्यांवरून झटकला की संपले, अंग कोरडेच. मनालीपेक्षा कितीतरी जास्त थंडी असूनही आम्ही तिथे अधिक सुखात होतो. आणखी एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, ती म्हणजे शांतता. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते आणि ती आवाज शोषून घेते. लोकलच्या भोंग्यांत वाढलेल्या माणसाला ती शांतता पहिली पाच मिनिटे कान बंद झाल्यासारखी वाटते.

त्या सौंदर्यात हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या पलीकडे मात्र पाऊल टाकू नये. 22 फेब्रुवारी 2024 रोजी याच परिसरात खिलनमर्गजवळ झालेल्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. गॉगल हाही चैनीचा विषय नाही. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग परतवतो, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि हनुवटीखालची, नाकपुडीखालची कातडीसुद्धा भाजते. सनस्क्रीन तिथेही लावावे.

श्रीनगरला जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. परतीच्या वेळी विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे सामान तपासणी असते, म्हणून तीन तास हाताशी ठेवावेत. बर्फामुळे विमाने रद्द होणे नेहमीचे आहे. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वे सुरू झाल्याने आता दुसरी वाट उपलब्ध आहे आणि वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला थेट स्वराज एक्सप्रेस जाते. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काही स्थळे बंद करून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली, तेव्हा निघण्यापूर्वी कोणते ठिकाण खुले आहे याची खात्री करावी.

लेह हा वेगळाच प्रांत. तिथे आम्ही दोघेच जानेवारी 2023 मध्ये गेलो होतो. ज्यांना हिवाळा म्हणजे गुडघाभर बर्फ असे वाटते, त्यांनी लेहला जाऊ नये, कारण ते थंड वाळवंट आहे. डोंगरमाथे पांढरे, पण गावात बर्फाचे पातळ पापुद्रेच. रात्री पारा उणे 15 पर्यंत उतरला आणि तरीही दुपारच्या उन्हात आम्ही स्वेटर काढून बसलो होतो. सावलीत पाऊल ठेवताच मात्र हाडे वाजतात. तिथली खरी परीक्षा थंडीची नाही, उंचीची आहे. सुमारे 3,500 मीटरवर हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो आणि विमान आपल्याला समुद्रसपाटीवरून काही तासांत तिथे नेऊन सोडते. पहिले दोन दिवस काहीही न पाहता झोपून, बसून, पाणी पीत काढावेत. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर हट्ट न करता डॉक्टर गाठावा आणि उंचीवरच्या आजाराची गोळी घ्यायची की नाही, हे मुंबईतच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. पँगाँग सरोवर गोठलेले पाहण्याची घाई तिसऱ्या दिवसाआधी करू नये.

घरगुती निवासात नळ गोठलेले, बादलीने मोजून पाणी आणि खोलीत बुखारी, म्हणजे लाकडे जाळायची शेगडी, असा मुक्काम होता. बुखारी असो, काश्मीरची कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे भांडे, असो की गॅसचा हीटर, बंद खोलीत तो पेटता ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. झोपण्यापूर्वी तो विझवावा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या पांघरुणात घेऊन झोपलो आणि त्यांच्याशेजारीच मोबाइल व पॉवर बँक ठेवल्या, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते.

लेहच्या कोरड्या हवेत ओठ आणि टाचा चिरतात. महागडी क्रीमे थिजून जातात, पण मालवणहून मावशीने पाठवलेल्या भिरंडेलाने, म्हणजे कोकमाच्या तेलाने, आमची लाज राखली. वडीच्या रूपातच ते बरोबर न्यावे, तळहातावर चोळले की पुरते.

कपडे सगळे विकत घेण्याची गरज नाही. हिवाळ्यात परळला तिबेटी विक्रेत्यांकडे लोकरीचे मोजे, टोप्या स्वस्तात मिळतात, थर्मल मात्र चांगलेच घ्यावेत आणि जाड कोट नातेवाइकांत फिरता ठेवावा. आमचा एक कोट आतापर्यंत मुलुंड, डोंबिवली आणि पार्ले असा हिंडून आला आहे. परतल्यावर तो दोन दिवस कडक उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यासह कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. पहिल्या वर्षी आम्ही तसे केले नाही आणि जुलैमध्ये त्यावर आलेली बुरशी मनालीच्या बर्फापेक्षाही दाट होती.