तुम्ही विचारलंत म्हणून: चेन दोनदा का बदलली

गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बाजारात भेटेल तो हेच विचारतो, अहो टायमिंग चेन (इंजिनातल्या पिस्टनचा आणि झडपांचा मेळ राखणारी साखळी) इंजिनाबरोबरच जाते, म्हणजे इंजिनाइतकीच टिकते, म्हणतात ना, मग तुमच्या डिझेल गाडीची दोन महिन्यांत दोनदा कशी काय बदलली? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

इंजिनाबरोबर जाते हे बरोबर, पण ऑइल वेळेवर बदललं तर. मी रोज साखळी-पणजी, मध्येच चोर्ला घाटातून बेळगाव, आणि ऑइलचं पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू करत १० हजार किलोमीटरचे १८ हजार केले. डिझेलचं ऑइल काजळीने काळं होतं, ती काजळी चेनच्या एकेका पिनेत घासत राहते आणि शंभरावर कड्यांची ती जराजराशी झीज जमली की चेन लांबते. लोखंड ताणलं जात नाही हो, सांधे झिजतात. शिवाय चेन ताणून धरणारा टेन्शनरपण ऑइलच्याच प्रेशरवर चालतो. सकाळी गाडी चालू केली की प्रेशर चढेपर्यंत दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, मग गप्प. बायको म्हणायची दाखवा एकदा, मी म्हणायचो डिझेल आहे, आवाज करणारच.

शेवटी दाखवली. पहिला मेस्त्री म्हणाला नुसती चेन घालू, बाकी सगळं चांगलं आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. चेन ज्या दातेरी चाकांवर फिरते त्यांच्या झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही, आणि टेन्शनर जुनाच, त्यामुळे तीन आठवड्यांत खडखड परत.

मग दुसरं गॅरेज, आणि पूर्ण सेट: चेन, तिला जागेवर ठेवणाऱ्या पट्ट्या म्हणजे गाईड, टेन्शनर, आणि ती दातेरी चाकं म्हणजे स्प्रॉकेट. गाडीची मूळ चेन मी डिकीत ठेवली होती, मेस्त्रीने ती आणि नवी एकाच खिळ्याला लटकवून दाखवली. जुनी अर्ध्या कडीने खाली. एवढ्यासाठी एवढं!

खरी मजा पुढे. चेनपर्यंत पोचायला क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाचा, बोल्ट काढावा लागतो, तो सुटेना. पान्याला पाइप लावला, पाइपला दोन पोरं लोंबकळली, तासभर घाम. शेजारच्या शेडमधला म्हातारा पेंटर चहाचा ग्लास घेऊन आला, बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, याचे आटे उलटे आहेत, तुम्ही घट्ट करताय.’ सगळ्याच गाड्यांना असं नसतं, आमचीला होतं.

चेन बसवताना क्रँक आणि कॅमला (झडपा उघडणारा दांडा) पिना घालून लॉक करतात, चेनच्या रंगीत कड्या खुणांवर जुळवतात, टेन्शनरची पिन काढतात आणि चावी मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघतात. बघितलं तर रंगीत कड्या भलतीकडेच! मेस्त्रीच्या हाताखालचा पोरगा घाबरला, सगळं परत उघडलं, एक दिवस गेला. नंतर मेस्त्रीने समजावलं की दोन फेऱ्यांनी स्प्रॉकेटच्या खुणा जाग्यावर येतात, कड्या येत नाहीत, कारण कड्यांचा आकडा आणि दातांचा आकडा यांचा मेळ लगेच बसत नाही, रंग फक्त बसवतानाच्या सोयीसाठी. हे आधी त्या पोराला सांगितलं असतं तर? असो. चेनच्या कव्हरची फट बंद करायचा सिलिकॉन लावताना मात्र मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो, जास्तीचा आत सांडला की ऑइल ओढायची जाळी तुंबते आणि मग इंजिनच गेलं.

आणि गाडी कधी मिळणार विचारलं की मेस्त्रीचं रोज आपलं ‘फाल्यां’, म्हणजे उद्या. फाल्यां फाल्यां करत चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आली, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट) सामान डिचोलीच्या बाजारातून स्कूटरवर आणलं, नारळांचा घड पायात, सुपारीचे घोस हँडलला, मागे बायको आंबाड्याची फळं सांभाळत बसलेली, एक शब्द बोलली नाही. गाडी मिळाली पंचमीला, गणपती विसर्जनाला पोचवायला निघायच्या वेळी. खडखड अजिबात नाही. पण गणपती नेहमीसारखा डोक्यावरूनच नेला.