प्रयोगशाळेतली रेल्वे

सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही माजी विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला मॉडेल रेल्वेचा एक सेकंडहँड लेआउट (फळीवर मांडलेले रूळ आणि गाड्या) देत आहोत. आठवणी बाकीची मंडळी लिहितीलच. हे मनोगत उद्या ज्यांच्या हाती ही गाडी पडेल त्या पोरांसाठी.

प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, वीज १२ व्होल्ट डीसी. गाडी अडखळली की सगळे आधी इंजिन उघडतात. दोष बहुधा खाली असतो. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट कालांतराने सैल होते, आत काळा थर बसतो आणि वीज पुढे जात नाही. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात रुळांखालचं प्लायवूड सुकून आकसतं, रूळ मात्र तापून वाढतात. फट नसेल तर रूळ उचलला जातो. म्हणून फटी ठेवायच्या आणि सगळे सांधे झाळून (सोल्डर करून) टाकायचे नाहीत. मग वीज कशी पोचणार? रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर. फळीखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य वायरी, लाल आणि काळी. त्यांतून वर ०.५ चौरस मिलिमीटरचे आखूड फाटे.

फाटा झाळताना ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि दोन-तीन सेकंदांत काम उरका. कमी वॉटचं आयर्न सुरक्षित वाटतं, पण ते जास्त वेळ टेकवावं लागतं आणि तेवढ्यात रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, वितळतात. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवावा. जुन्या जोडांवरची इन्सुलेशन टेप काढूनच टाका. मे महिन्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते आणि उघडी तार दिसू लागते. तिथे हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसून तारेवर घट्ट बसणारी नळी, लावा.

मल्टिमीटरने शॉर्ट शोधण्याआधी इंजिनं आणि दिव्यांचे डबे उचलून ठेवा, नाहीतर मोटरमधूनच बीप येतो. वळसा घेऊन गाडी त्याच रुळावर उलट्या दिशेने परतते तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो, म्हणजे हमखास शॉर्ट. त्या वळशाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर, प्लास्टिकच्या फिशप्लेट हव्यात. मधला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा असावा, आणि त्यातल्या विजेची दिशा बदलायला वेगळा डीपीडीटी स्विच (दोन्ही तारांची एकदम अदलाबदल करणारा).

पॉइंटच्या, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, मोटरला साधा टॉगल स्विच लावू नका. तिच्या कॉइलला क्षणभरच वीज लागते. स्विच चालू राहिला की ती जळते. पुश बटण आणि साठवलेली वीज एका झटक्यात सोडणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावलं तर बटण दाबून धरलं तरी कॉइल वाचते.

रूळ पॉलिश पेपरने घासू नयेत, ओरखड्यांत घाण अडकते. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे, पण वीज बंद करूनच. रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या २३० व्होल्टच्या वायरीला तडे दिसले तर दुरुस्ती नको, कंट्रोलरच बदला.

मोतीबागच्या संग्रहालयातली आपली ‘छोटी लाईन’, म्हणजे नॅरोगेज, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटरची. १:८७ ने ती पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणजे बाजारात मिळणारे एन स्केलचे (आणखी छोट्या मॉडेलचे) ९ मिलिमीटरचे रूळ चालतील. कोपरा मोकळा ठेवला आहे. ती लाईन जोडाल तेव्हा तिला वेगळा कंट्रोलर द्या.