चाळीस रुपयांचं कपलर

घरातली मशीन कधी अख्खी बिघडत नाही. मोटर चालू, बॉडी ठणठणीत, वायर शाबूत, आणि एखादा प्लास्टिकचा नाहीतर रबराचा तुकडा असा काही जातो की ती वस्तू ओट्यावर नुसती जागा अडवून बसते. आमच्याकडे सध्या मिक्सर. मोटरच्या डोक्यावर जे दातेवालं कपलर असतं ना, ज्याच्यावर भांडं बसतं, त्याचे दाते गेले. त्यामुळे मोटर घुंईऽऽ करून फिरते आणि वरच्या भांड्यात उडदाची डाळ जशीच्या तशी. आता ते कपलर मुद्दामच मऊ मटेरियलचं ठेवतात, म्हणजे पातं कुठे अडकलंच तर दाते तुटावेत पण मोटर जळू नये, आयडिया एकदम मान्य, पण जो पार्ट तुटण्यासाठीच बनवलाय तो खोक्यात एक जास्तीचा टाकायला काय जातं यांचं? शर्टाच्या आत एक्स्ट्रा बटण शिवून देतात की!

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आधी सिरियल नंबर सांगा. तो मिक्सरच्या बुडाला, स्टिकरवर, आणि स्टिकरवर इतक्या वर्षांचं तेल. खरवडून वाचला, तर पलीकडची बाई म्हणाली मॅडम हे मॉडेल बंद झालं, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या ना. अहो, मला चाळीस रुपयांचा तुकडा हवाय, तुम्ही मला चार हजारांचा मिक्सर कुठे विकताय! सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, ग्राहकांची १९१५ हेल्पलाइन पण आहे, हे सगळं माहितीये मला. पण चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी तक्रार नोंदवून तिच्या मागे लागायला अंगात तेवढी चिकाटी हवी आणि ती माझ्यात संध्याकाळी सातनंतर नसते.

मग ऑनलाइन मागवलं. 'सर्व मिक्सरना चालेल' असं ठळक लिहिलेलं. आम्ही राहतो कन्नमवार नगरात म्हणजे विक्रोळी पूर्वेला, आणि मॅपवरची पिन का कोण जाणे रुळांच्या पलीकडे पश्चिमेलाच पडते. डिलिव्हरीवाल्याचा फोन, "मॅडम, मैं पार्कसाइट पे है, बिल्डिंग किधर है?" आता निदान पूल तरी झालाय, २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला एकदाचा, नाहीतर आधी इथून समोर दिसणाऱ्या पश्चिमेला गाडीने जायचं तर घाटकोपर नाहीतर कांजूरवरून वळसा. ॲपला त्याचं काय, त्याच्या मते आपण दोन मिनिटांवर. तो पोरगा बिचारा घामाघूम होऊन आला, ओटीपी दिला, खोकं उघडलं, आतून हातभर कागद निघाला आणि तळाशी कपलर. दाते वेगळेच! आमच्या भांड्याखाली बसतच नाही. आणि रिटर्न? हा आयटम रिटर्न होत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं ते जुनं घेऊन लोहार चाळीत जा की, तिथे दाखवलं की देतात." मला ऐकून वैताग आला, कारण मस्जिद स्टेशनला उतरून त्या इलेक्ट्रिकच्या मार्केटच्या गर्दीतून हातगाड्या चुकवत जायचं, तेही शनिवारी कारण रविवारी मार्केट बंद. पण गेले. दुकानदाराने तुटलेलं कपलर हातात घेतलं, उलटं केलं, आतले आटे बघितले, मागच्या डब्यातून एक काढून समोर ठेवलं. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, ओटीपी नाही. वर सांगितलं की काढताना उलट्या बाजूला फिरवा, याचे आटे उलटे असतात, आणि नवऱ्याने तरी घरी पक्कड घेऊन सुलट्याच बाजूला जोर लावला तो भाग वेगळा.

मिक्सर झाला तर एअर फ्रायर. नणंदेने दिला, प्लग बघते तर जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा. म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगीत ओट्यावर सगळे सहाचे सॉकेट. दीड हजार वॅट म्हणजे २३० ने भागलं तर साडेसहा अँपिअर, म्हणजे प्लग जाड दिलाय ते बरोबरच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात कन्व्हर्टर मिळतो, पिन बसते, पण भिंतीतली वायर तीच जुनी राहते ना! त्यामुळे आमचा फ्रायर हॉलमध्ये, एसीसाठी काढलेल्या पॉइंटवर, सोफ्याशेजारी. पाहुणे आले की बटाट्याच्या काचऱ्या तिथेच होतात, आता कुणी हसत पण नाही.

आरओवाल्याचं तर विचारूच नका. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांचं पाणी येतं, ते मुळातच गोडं, आणि पाचशेच्या आत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, असतील तर आरओची गरज नाही हे हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. तरी दर पावसाळ्यात फोन येतो, मेंब्रेन बदला मॅडम. एक पार्ट असा की मिळता मिळत नाही आणि हा एक असा की घ्या घ्या म्हणून मागे लागतो.

आता कुकरच्या झाकणाची मूठ सैल झालीये. स्क्रू नवीन घातला तरी भोकच मोठं झालंय, फिरतच राहतो. मूठ सुटी मिळते म्हणे, पण पाच लिटरची, आमचा तीनचा. विक्रोळी-भांडुपच्या आसपास कुणाला दुकान ठाऊक असेल तर प्लीज सांगा, आज वरणभात सांडशीने झाकण धरून झालाय.