निगेटिव्ह आलं म्हणजे काय आलं?

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्याला तेल्या म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पानावर तेलकट ठिपके, मग फळावर काळे डाग. पुढे डागाच्या जागी फळ उलतं आणि सगळा माल डागी म्हणून मातीमोल जातो. हे काम झँथोमोनास नावाच्या जिवाणूचं. पावसात आणि दमट हवेत तो झपाट्याने पसरतो, म्हणून मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला बहार, धरणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आहे, इतर फवारण्या आहेत, पण एकदा बागेत शिरलेला तेल्या पुरता निघत नाही. बऱ्याचदा तो येतो रोपातूनच. आजारी झाडावर गुटी बांधली, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून रोप केलं, की तिच्याबरोबर तोही नव्या बागेत जातो, आणि रोप मात्र दिसायला हिरवंगार असतं.

आमच्या एमएस्सीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सांगोल्याकडून आले ते याच धास्तीने. दोन एकरांसाठी भगवा वाणाची 600 रोपं उतरवून घेतली होती. पंधरा बाय दहा फुटांवर एकरी साधारण 290 बसतात, वर थोडी सांधायला. टिश्यू कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं, रोप महाग पडतं म्हणून गुटीची घेतलेली. पिशवीत दहा रोपांची पानं, प्रत्येक पुडीवर पेनाने आकडा.

"म्याडम, पोरगं म्हणतंय तुमच्याकडं मशीन हाय. लावायच्या आधी कळंल का, तेल्या हाय का न्हाई?"

मशीन होतं. शिवाय माझी पीएचडी हैदराबादची, भातावरच्या जिवाणूजन्य करप्यावर, म्हणजे या तेल्याच्या चुलतभावावरच. त्यानंतर काही वर्षं पुण्यात, रोगनिदानाची किट बनवणाऱ्या कंपनीत काढली. मग घरच्यांसाठी सोलापूर आणि कॉलेज. संशोधन, मग कंपनी, मग शिकवणं हा उतरता क्रम आहे असं आमच्या क्षेत्रात बरेच जण मानतात, तोंडावर म्हणत नाहीत इतकंच. त्यांनी त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये यायला हवं होतं.

मुलांना मी म्हटलं, करा, हेच तुमचं प्रॅक्टिकल. रसवंतीवाल्याकडून बर्फ आला. पानं खलात कुटून डीएनए काढला, पीसीआर लावलं, म्हणजे डीएनएचा हवा तेवढाच तुकडा मशीनमध्ये वाढवायला ठेवला. तत्त्व सोपं आहे: 95 अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात, 60च्या आसपास प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे, आपापल्या जागी बसतात, 72ला टॅक नावाचं एन्झाइम नवा धागा घडवतं. प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे 30 फेऱ्यांत एका तुकड्याचे कागदोपत्री 100 कोटींवर. हे एन्झाइम मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं. उकळत्या पाण्यात न डगमगणारं ते एन्झाइम सोलापुरात मात्र उणे 20ला ठेवावं लागतं, हा विनोद मी दर वर्षी करते आणि दर वर्षी पहिल्या बाकावरचे दोघेच हसतात.

वाढलेला डीएनए जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, प्रत्येक नमुना आपापल्या लेनमध्ये असा सोडतात; तुकडा वाढला असेल तर तिथे पट्टा चमकतो. संध्याकाळी जेल यूव्हीखाली ठेवलं. एका टोकाला पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे आदल्या हंगामात तेल्या लागलेल्या फळावरून वाढवलेल्या जिवाणूचा डीएनए. त्याचा पट्टा लख्ख. दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी, तिथे काही नाही. मधल्या दहाच्या दहा लेन कोऱ्या.

"मॅडम, सगळे निगेटिव्ह!" टाळ्या पडल्या. मुलाने खिशातून मोबाईल काढलासुद्धा, वडील व्हरांड्यातच बसले होते तरी.

मी म्हटलं, थांब. आधी डीएनएच्या ट्यूब दाखवा.

चांगला डीएनए ट्यूबच्या बुडाशी पांढुरका बसतो. इथे दहाही ट्यूबमध्ये चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गोळा होता. डाळिंबाच्या सालीला जो तुरटपणा असतो, तीच टॅनिनं आणि पॉलिफिनॉलं पानातही भरपूर. पान कुटलं की ती डीएनएला चिकटतात, आणि पीसीआरमध्ये गेली की टॅकला कामच करू देत नाहीत. तेव्हा लेन कोरी असण्याची कारणं दोन: जिवाणू नाही, किंवा चाचणीच चालली नाही. दिसायला दोन्ही अगदी सारखी.

कंपनीत आमचा निम्मा वेळ याच प्रश्नात जायचा. कोविडच्या अनेक आरटी-पीसीआर किटमध्ये विषाणूच्या जनुकाबरोबर माणसाचं एक जनुकही तपासलं जायचं. ते नाही दिसलं तर रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे, नमुना बाद. नाकातली काडी नीट फिरवलीच नसेल, काय सांगावं!

वनस्पती ओळखण्याच्या प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडे आरबीसीएल या हरितलवकातल्या जनुकाचे प्रायमर होते. पानाच्या एकेका पेशीत त्याच्या शेकड्याने प्रती असतात. मुलांना म्हटलं, त्याच दहा नमुन्यांवर हे लावा. डाळिंबाच्या पानात डाळिंब सापडतंय का तेवढं बघू.

वडिलांना सकाळी या म्हटलं. ते जुळे सोलापूरला बहिणीकडे मुक्कामाला गेले.

डाळिंब सापडलं नाही. पुन्हा दहा कोऱ्या लेन, आणि या वेळी टाळ्या नाहीत. सकाळी पानं नव्याने कुटली, या वेळी द्रावणात पॉलिफिनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी घालून, आणि निघालेला डीएनए दसपट पातळ करून लावला. लाईट दोनदा गेली, यूपीएसने तारलं. दुपारी आरबीसीएलचा पट्टा दहाही नमुन्यांत आला. तेल्याचा पट्टा चार नंबरला ठळक आणि नऊ नंबरला फिकट. खात्रीसाठी ते दोन पुन्हा लावले, पुन्हा आले.

वडिलांना आत बोलावून पडद्यावर दाखवलं. त्यांनी पिशवीतून चार नंबरची पुडी काढली, उरलेलं पान उजेडाकडे धरून उलटसुलट बघितलं. "ह्यावर तर काय बी न्हाई."

"अजून नाही."

"मग आठ तरी चांगली हायत की?"

इथे गोड बोलणं सोपं होतं. मी सांगितलं, या आठ पानांत आम्हाला तो दिसला नाही, एवढंच. त्याच रोपाच्या दुसऱ्या फांदीत असू शकतो. आणि उरलेल्या 590 रोपांना तर आपण हातही लावलेला नाही. शिवाय पीसीआरला मेलेल्या जिवाणूचाही डीएनए दिसतो, तेव्हा चार आणि नऊमधला जिवंत आहे का, हेही या पट्ट्यावरून ठरत नाही.

"म्हंजे सगळीच संशयी," ते म्हणाले. मुलांना हे समजावायला मला एक तास लागला असता.

त्यांना सही-शिक्क्याचा कागद हवा होता, रोपवाटिकेवाल्यापुढे टाकायला. तो मी दिला नाही. आमची लॅब शिकवण्याची, तिच्या कागदावर भांडण लढवू नये. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, रोपंच घेऊन तिकडे जा म्हटलं. ते थोडे नाराज झाले, पण गेले.

पुढे रोपवाटिकेने सगळी रोपं परत घेतली की निम्मी, याची बापाकडून आणि लेकाकडून मला दोन वेगळी उत्तरं मिळाली. त्या गुट्या त्यांनी लावल्या नाहीत एवढं नक्की. आता टिश्यू कल्चरची नोंदवली आहेत आणि ती उतरली की पानं घेऊन येतो, असा निरोप आहे. येताना बर्फात आणा, आणि आदल्या दिवशी फोन करा, असं मी कळवलंय.