कलम ८९ ते कलम ८६: मनोरुग्णालयातील माझा अनुभव

उन्मादाच्या तीव्र अवस्थेत मला एका खासगी मनोरुग्णालयात दाखल केले, तेव्हा संमती देण्याच्या स्थितीत मी नव्हते. थोरल्या भावाने अर्ज केला आणि मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एक डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ खाली मला ठेवून घेण्यात आले. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पुढे झोप लागू लागली, विचार थाऱ्यावर आले, तरीही मला कोणत्या अधिकारात ठेवले आहे, असे विचारले की "घरच्यांना सगळं सांगितलंय" एवढेच उत्तर मिळे.

मग दादाने कायद्यातील संबंधित कलमे मराठीत उतरवून आणली. कोणत्या कलमाखाली दाखल केले, आजार कोणता, उपचार कोणते आणि त्यांचे दुष्परिणाम काय, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक आहे. कलम ८९ खालील मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते. स्त्रीला असे दाखल केल्यास तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाला, कळवावे लागते आणि रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. हे वाचून मी पलंगावर बसूनच रेघी कागदावर अर्ज लिहिला, निर्णयक्षमता पुन्हा तपासण्याची मागणी केली आणि पोच घेतली.

डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारले, "ही गोळी कशासाठी आहे? बंद केली तर काय होईल?" मी सावकाश उत्तरे दिली. कायद्याची कसोटी हीच आहे: माहिती समजते का, परिणामांची जाण आहे का, निर्णय सांगता येतो का. आजाराचे नाव म्हणजे अक्षमतेचा दाखला नव्हे, हे इतक्या साध्या प्रश्नोत्तरांत सिद्ध होऊ शकते, याचे मला आजही फार महत्त्व वाटते.

त्यानंतर कलम ८६ खाली स्वतंत्र रुग्ण, म्हणजे स्वतःच्या निर्णयाने दाखल असलेली रुग्ण, म्हणून माझी नोंद झाली. आता मी म्हणेन तेव्हा मला घरी सोडणे भाग होते. फेरतपासणीची गरज वाटलीच, तर फार तर चोवीस तास थांबवता आले असते. तरी औषधाची मात्रा बसेपर्यंत मी माझ्याच संमतीने तेथे राहिले.

घरी आल्यावर साध्या कागदावर सही करून मी मैत्रिणीला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत मला आधार देणारी व्यक्ती, नेमले आणि तिची लेखी संमती सोबत जोडली. दादावर अविश्वास म्हणून नव्हे. आजारपणात माझी घालमेल तिला आधी कळते म्हणून. ही नेमणूक मला केव्हाही बदलता येते, हेही दादाला सांगितले आहे.