पुणे-नागपूर, एक तास वीस मिनिटं

मामाची बायपास झाली, तो घरी आल्याचा फोन आला आणि आईने लगेच बॅग भरायला घेतली. ट्रेनला भलंमोठं वेटिंग, म्हणून विमानाची तिकिटं काढली. ऐनवेळची, त्यामुळे किती लागले ते आईला अजून सांगितलेलं नाही.

कोथरूडहून लोहगाव म्हणजे वीसेक किलोमीटर, पण येरवड्याच्या पुढे गाडी हलेचना, पावणेदोन तास गेले. २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल खरंच प्रशस्त आहे, पण तिथवर पोचायचे रस्ते तेच ना! वर विमान पन्नास मिनिटं लेट, का ते कुणी धड सांगेना. आजारी माणसाला भेटायला निघालेल्यांना निदान खरं कारण तरी सांगा, एवढीच अपेक्षा होती. मला फार राग आला होता.

आई मात्र शांत. मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. नागपूर म्हणजे तिच्या डोक्यात महाराष्ट्र एक्स्प्रेस, रात्रभराचा आणि वर जवळजवळ अख्ख्या दिवसाचा प्रवास, दौंडला इंजिन दुसऱ्या बाजूला लागणार, मग नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. रेल्वे असा वरून वळसा घालून जाते म्हणून ते अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास भरतं, विमान सरळ रेषेत साधारण सहाशेच. हे मी तिला सांगत होतो पण तिचं लक्ष खिडकीत. "नगर गेलं का रे?" थोड्या वेळाने डावीकडे मोठं पाणी चमकलं, मी म्हटलं जायकवाडी असेल, तिने हात जोडले. मग चहा येतोय तोवर खाली उतरायची अनाउन्समेंट झाली.

तिने घड्याळ बघितलं. "एक तास वीस मिनिटं," म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. पट्टा लावून दिला तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "नाना गेले तेव्हा शेजारच्यांकडे फोन आला होता, संध्याकाळी. मी रात्रीची गाडी धरली, दाराशी बसून आले, पोचले दुसऱ्या दिवशी अंधार पडताना. सकाळीच सगळं आटपलं होतं. तोंडसुद्धा दिसलं नाही रे." नाना म्हणजे तिचे वडील, ही १९९१ ची गोष्ट. इतक्या वर्षांत तिने हे मला एकदाही सांगितलं नव्हतं आणि मला काय बोलावं ते सुचेना, मी नुसता तिचा हात धरून बसलो, चाकं टेकली तरी.

नागपुरातले तीन दिवस दवाखाना आणि भेटायला येणारी माणसं यातच गेले. मामीने पहिल्याच सकाळी तर्री पोहे केले, झणझणीत.

पण त्या संध्याकाळी धरमपेठेत पोचलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. मामा उशीला टेकून बसला होता, छातीवर पट्टी, आवाज एकदम बारीक. आईने पिशवीतला डबा काढला, न उघडलेला. तो डबा बघून मामा हसला.

"ताई, मनमाडला चहा घेतला का?"

"मनमाड लागलंच नाही रे," आई म्हणाली आणि अर्धी दशमी मोडून त्याच्या हातावर ठेवली.